बरड रानात ऊर्जापीक लावण्याआधी: जमिनीतल्या कर्बाचा हिशेब पायरीपायरीने

"पडीक रान आहे. गॅस प्लँटवाले नेपियर लावा म्हणतात. पैसे मिळतील आणि जमिनीचा कर्बही वाढेल म्हणतात. लावू का?"

हा प्रश्न मला आता महिन्यातून दोनदा तरी येतो. विचारणारा बहुतेक वेळा आमच्या माण-खटाव पट्ट्यातला असतो, कधी सांगोल्याचा, कधी जतचा. पाऊस साडेचारशे-पाचशे मिलिमीटर, वीतभर मातीखाली मुरूम, आणि घरातली तरणी मुलं पुण्या-मुंबईला. अशा माणसाला फोनवर हो किंवा नाही सांगणं मला जमत नाही. म्हणून जे दर वेळी तुकड्यातुकड्यात सांगतो ते इथे सलग लिहितो. अगदी नव्याने सुरुवात करणाऱ्यासाठी लिहिलंय, त्यामुळे काही गोष्टी जाणत्यांना ठाऊक असतील.

कर्ब म्हणजे कार्बन; इथे मुख्यतः मातीत साठलेला सेंद्रिय कार्बन. बहुवर्षायू ऊर्जापीक म्हणजे एकदा लावलं की पाच, दहा, वीस वर्षं उभं राहणारं आणि दर वर्षी कापून इंधनासाठी विकता येणारं पीक. आपल्याकडे त्यात हत्ती गवत म्हणजे संकरित नेपियर, बांबू, आणि काही ठिकाणी वाळवून ब्रिकेटसाठी, म्हणजे दाबून केलेल्या जळणाच्या विटांसाठी, जाणारी रानगवतं येतात. गिऱ्हाईकही खरं आहे. २०१८ साली केंद्राने 'सतत' योजना आणल्यापासून जैविक गॅसचे प्रकल्प उभे राहताहेत, औष्णिक वीजकेंद्रांना कोळशात जैविक पेलेट मिसळावे लागतात, आसामात नुमालीगढला बांबूपासून इथेनॉल काढायचा कारखाना उभा राहिलाय. तेव्हा ही हवेतली गोष्ट नाही.

पण मोगली एरंड (जट्रोफा) आठवतोय का? २००३ साली नियोजन आयोगाच्या समितीने पडीक जमिनीवर मोगली एरंड लावून २०११-१२ पर्यंत डिझेलमध्ये २० टक्के जैवडिझेल मिसळायचं लक्ष्य सुचवलं होतं. गावोगाव रोपं वाटली गेली. झाडं जगली, पण बियांचा उतारा सांगितला त्याच्या जवळपासही आला नाही, आणि ते लक्ष्य तसंच राहिलं. हलक्या रानात जगणारं पीक तिथे पिकतंच असं नाही. हे एक वाक्य डोक्यात ठेवून पुढच्या पायऱ्या वाचा.

कर्ब जमिनीत जातो कुठून

नव्या माणसाचा पहिला गैरसमज इथे असतो. वर दिसणारं हिरवं पीक म्हणजे जमिनीत गेलेला कर्ब, असं त्याला वाटतं. ऊर्जापिकात तर वरचं सगळं आपण कापून नेतो आणि ते जळतं. जमिनीला मिळतात ती मुळं, मुळांतून पाझरणारे रस, आणि गळलेला पाला. त्यातही मुळांचा वाटा मोठा. सारख्याच वजनाचा पाला आणि मूळ घेतलं तर मुळातला कर्ब मातीत दुपटीहून जास्त काळ टिकतो, कारण तो मुळी मातीच्या कणांत घुसूनच मरतो.

दुसरी गोष्ट नांगराची. दर वर्षी नांगर फिरतो तेव्हा ढेकळं फुटतात आणि आत दडलेला कर्ब जिवाणूंना उघडा पडतो. ते तो खातात आणि तो हवेत जातो. बहुवर्षायू पिकात पाच-सात वर्षं नांगर लागत नाही. कर्ब वाढण्यामागे मुळांबरोबर ही न केलेली नांगरटही असते.

तिसरी गोष्ट मातीतल्या चिकणीची. कर्ब दीर्घकाळ टिकतो तो बारीक चिकणकणांना चिकटून. दख्खनच्या काळ्या बेसाल्टची चिकणी या बाबतीत चांगली आहे, पण बरडात ती आहेच किती? बरीचशी वाहून नदीला गेलीय. म्हणून हलक्या रानात सुरुवातीला कर्ब भराभर वाढलेला दिसतो, कारण भांडं रिकामं असतं, आणि मग लवकर थांबतो, कारण भांडं लहान असतं.

माहितीपत्रकांत जे आकडे येतात ते कुठले आहेत हे विचारा. अमेरिकेत नेब्रास्का आणि दोन्ही डाकोटा राज्यांतल्या १० शेतांवर स्विचग्रास नावाचं गवत ५ वर्षं मोजलं. वरच्या ३० सेंटिमीटरमध्ये हेक्टरी वर्षाला सरासरी १.१ टन कर्ब वाढला आणि १२० सेंटिमीटरपर्यंत मोजल्यावर २.९ टन. आकडा खरा आहे. पण ती खोल मैदानी माती आहे, तिथे १२० सेंटिमीटरपर्यंत मोजायला माती आहे. आमच्या रानात पहार २० सेंटिमीटरवर ठण्ण वाजते. तो आकडा उचलून आपल्या बांधावर लावणं म्हणजे स्वतःला फसवणं.

पहिली पायरी: रान खरंच पडीक आहे का ते बघा

सातबाऱ्यावर पोटखराबा लिहिलंय म्हणून ती जमीन मेलेली असते असं नाही. माळरान ही एक जिवंत व्यवस्था आहे. आश्विन-कार्तिकात रानात जाऊन बसा आणि पायाखाली काय आहे ते बघा. पवना, कुसळी, रानमारवेल दाट असेल, ठोंबाठोंबांतली माती पावसाने उघडी पडत नसेल, तर त्या रानात आधीच बहुवर्षायू गवत आहे आणि त्याने वर्षानुवर्षं कर्ब मुळाशी साठवलाय. ते नांगरून नेपियर लावलं तर जुना कर्ब बराचसा उडून जातो आणि तो भरून काढण्यात नव्या पिकाची कित्येक वर्षं जातात. वर धनगरांची चराई जाते, चिंकारा आणि लांडग्याचं घर जातं. सोलापूरजवळच्या नान्नजला माळढोकासाठी अभयारण्य करावं लागलं, आणि आज तो पक्षी तिथे दिसणं मुश्कील झालंय. माळ मोडत गेल्यावर काय होतं हे आपण आपल्याच जिल्ह्यांत बघितलंय.

अशा रानाला मी एकच सांगतो: हात लावू नका. दोन-तीन वर्षं चराई आवरा, नंतर पाळीपाळीने चारा. हिवरे बाजारने चराईबंदी आणि कुऱ्हाडबंदी पाळून गवताचं काय केलं ते जाऊन बघता येतं.

ऊर्जापीक लावायची जागा वेगळी. जिथे पूर्वी बाजरी, मटकी, हुलगा होत होता, वर्षानुवर्षं कुळव फिरून माती धुपली, आता पेरणीचा खर्चही निघत नाही म्हणून सोडून दिलंय, जिथे ओघळी पडल्यात आणि गवताचे ठोंब हातभर अंतरावर एखाददुसरे आहेत, ती. इथे गमावण्यासारखं फार उरलेलं नाही, म्हणून मिळणारं सगळं नवं असतं. चोपण आणि क्षारपड रानाचं गणित वेगळं आहे, तिथे आधी निचरा. ते इथे घेत नाही.

दुसरी पायरी: खड्डा घ्या आणि मोजा

या पायरीवर सगळ्यात जास्त लोक घसरतात, म्हणून इथे थोडा वेळ घेतो.

जमिनीच्या आरोग्यपत्रिकेवर सेंद्रिय कर्बाची टक्केवारी असते. चांगली गोष्ट आहे, ती काढाच. पण नुसत्या टक्केवारीवरून जमिनीत किती टन कर्ब आहे ते कळत नाही. त्यासाठी माती किती खोल आहे, किती दाबलेली आहे आणि तिच्यात दगड किती आहेत हे लागतं. मुरमाड रानात दगडच हिशेब बिघडवतात.

मे महिन्यात, रान कोरडं असताना, हे करा. एकरात निदान आठ-दहा जागा नागमोडी चालत निवडा. बांधाच्या कडेला, झाडाखाली, जनावरं बसतात तिथे नको. प्रत्येक जागेचं ठिकाण मोबाईलवर टिपून ठेवा, पाच वर्षांनी तिथेच परत यायचंय. या जागांपैकी तीन-चार ठिकाणी पुढचं मोजमाप करा, बाकीच्या ठिकाणची फक्त माती गोळा करा.

वरचा काडीकचरा बाजूला सारून साधारण एक फूट लांब-रुंद आणि २० सेंटिमीटर खोल खड्डा घ्या. टिकावाने ओबडधोबड न खणता छिन्नीने आणि खुरप्याने, कडा ढासळू न देता. निघालेलं सगळं, अगदी सगळं, घमेल्यात गोळा करा. मग खड्ड्यात पातळ प्लास्टिकचा कागद अंथरा, तो कोपऱ्यांत नीट बसवा, आणि लिटरच्या मापाने पाणी ओतत जमिनीच्या पातळीपर्यंत भरा. किती लिटर बसलं ते लिहा. दगडांमुळे खड्डा कधीच चौकोनी होत नाही, पण पाण्याला त्याची अडचण नाही.

आता घमेल्यातली माती उन्हात वाळवा, ढेकळं हाताने फोडा, २ मिलिमीटरच्या चाळणीतून चाळा. वर राहिला तो मुरूम, खाली पडली ती माती. दोन्ही वेगवेगळं तोला.

माझ्या रानातल्या एका खड्ड्याचे आकडे देतो. खड्ड्यात पाणी बसलं १९ लिटर. एकूण वजन २८.५ किलो. त्यात मुरूम ११.५ किलो, चाळलेली माती १७ किलो. प्रयोगशाळेत सेंद्रिय कर्ब आला ०.३५ टक्के. आता १७ भागिले १९ म्हणजे लिटरला साधारण ०.९ किलो माती. त्याला खोली २० ने आणि टक्केवारी ०.३५ ने गुणा. येतात ६.३. हेक्टरी ६.३ टन कर्ब. मुरूम न चाळता सगळं वजन धरलं असतं तर साडेदहा टन आले असते. म्हणजे चार टनांवर कर्ब नुसता कागदावर, जमिनीत नाही. आणि पाच वर्षांनी कुणी नीट चाळून मोजलं असतं तर गवताने कर्ब घटवला असा निष्कर्ष निघाला असता.

प्रयोगशाळेला माती देताना एक गोष्ट स्पष्ट सांगा: सेंद्रिय कर्ब हवाय, एकूण कर्ब नको. आपल्या मातीत चुनखडी असते आणि चुनखडीतही वजनाच्या १२ टक्के कर्ब असतो. तो खनिज कर्ब आहे, त्याचा गवताशी संबंध नाही. माझा एक नमुना एका ठिकाणाहून १.६ टक्के असा आला होता. दोन दिवस मी खूश होतो. मग त्या मातीवर सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लाचा थेंब टाकला तर ती सोड्यासारखी फसफसली. चुनखडीच १० टक्क्यांच्या आसपास होती. तिचे १.२ गेले, उरले ०.४. जळणपद्धतीच्या यंत्रावर तपासणी होत असेल तर आधी आम्लाने चुनखडी काढून घ्यावी लागते. डायक्रोमेटची जुनी वॉकली-ब्लॅक पद्धत, जी १९३४ पासून वापरात आहे, ती चुनखडी धरत नाही, पण सगळा सेंद्रिय कर्बही पकडत नाही. म्हणून काही प्रयोगशाळा आकड्याला १.३ ने गुणतात आणि काही नाही. गुणलंय का ते विचारा, पत्रिकेवर लिहून घ्या, आणि पाच वर्षांनी त्याच पद्धतीने करून घ्या.

अजून एक फुकटची परीक्षा. सुपारीएवढं वाळलेलं ढेकूळ काचेच्या पेल्यातल्या पाण्यात अलगद सोडा. उघड्या रानातलं ढेकूळ मिनिटा-दोन मिनिटांत विरघळून तळाशी चिखल होतं. तीन वर्षांच्या मारवेल गवताखालचं ढेकूळ मी असंच सोडलं तेव्हा ते अर्धा तास तसंच होतं, कडेचे चार कण पडले तेवढेच. पाऊस रानावर काय करतो आणि कर्ब कुठे दडलाय, हे त्या पेल्यात दिसतं.

तिसरी पायरी: पाणी बघून पीक निवडा

नेपियरपासून सुरू करतो, कारण दबाव त्याचाच असतो. फुले यशवंत, फुले जयवंत हे राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाचे वाण, कोईमतूरचे को-४, को-५. खोल, बागायती जमिनीत हेक्टरी वर्षाला दीडशे-दोनशे टन हिरवं गवत देतात. पण ते पाण्यावर आणि खतावर. उन्हाळ्यात पंधरवड्याला तरी पाणी हवं. बरडात, कोरडवाहू, हे गवत एक पावसाळा दिमाखात वाढतं आणि मार्च-एप्रिलात ठोंब मरायला लागतात. ठोंब मेला की मुळं गेली, मुळं गेली की कर्बाची गोष्ट संपली. तुमच्याकडे शाश्वत पाणी असेल तर नेपियरचा विचार करा. फक्त त्यासाठी नवीन बोअर पाडायचा असेल तर माझं मत नको असं आहे.

कोरडवाहू मुरमाडासाठी माझी पहिली पसंती मारवेलला. मूळ इथलंच गवत, राहुरीचे सुधारित वाण मिळतात, ठोंबांपासून लागतं, आणि दुष्काळात वाळून गेलं तरी पहिल्या पावसाला फुटतं. उत्पन्न नेपियरच्या पासंगालाही पुरणार नाही, हे आधीच मान्य करा. इंधन म्हणून ते वाळवून ब्रिकेटला जाऊ शकतं. त्याच्यासोबत स्टायलो किंवा दशरथ ही शेंगवर्गीय चारापिकं लावणं मी सक्तीचं मानतो, कारण पुढे सांगतो.

उताराच्या आणि ओघळीच्या जागी वाळा. त्याच्या मुळ्या सरळ खाली जातात, मुरमाच्या फटी शोधतात आणि माती अडवतात. वाळा विकायला नव्हे, बाकीचं पीक वाचवायला.

बांबूचं म्हणाल तर २०१७ साली भारतीय वन कायद्यात दुरुस्ती होऊन वनाबाहेरचा बांबू झाडाच्या व्याख्येतून निघाला. तोड-वाहतुकीची मोठी अडचण गेली. हलक्या, कमी पावसाच्या रानाला मानवेल जात, कोकणच्या पावसाला माणगा. बांबूचा कर्ब सुरुवातीला मुख्यतः बेटात आणि कंदात साठतो, मातीत उतरायला वेळ लागतो. पहिली तीन वर्षं उन्हाळ्यात टँकरने का होईना पाणी द्यायची तयारी असेल तरच.

चौथी पायरी: नांगर न लावता लावा

इथे थोडक्यात. सरसकट नांगरट नको. ए-आकाराची लाकडी चौकट आणि ओळंबा घेऊन समतल रेषा आखा, त्या रेषेवर फक्त ओळीपुरती माती मोकळी करा. मधला पट्टा तसाच राहू द्या. मारवेलचे मुळासकट ठोंब मृगाचे दोन चांगले पाऊस झाल्यावर, वाफशावर, ४५ बाय ३० सेंटिमीटरवर. दोन ओळींमागे एक ओळ स्टायलोची. पहिल्या वर्षी दोन भांगलणी हव्यातच, आणि शेळ्या-मेंढ्या आत येऊ देऊ नका.

आणि एक पट्टा, निदान चार-पाच गुंठ्यांचा, काहीही न लावता जसाच्या तसा सोडा. फक्त चराई तिथेही बंद ठेवा. पाच वर्षांनी वाढलेला कर्ब गवतामुळे वाढला की नुसतं रान राखल्यामुळे, हे त्या पट्ट्याशिवाय कळणार नाही. लोकांना ही जागा वाया गेल्यासारखी वाटते. माझ्या मते सबंध रानातली सगळ्यात उपयोगाची जागा तीच.

पाचवी पायरी: कापणी केव्हा आणि किती

कर्बाचा निकाल खरा कापणीवर लागतो, आणि तिथे तुमचं गिऱ्हाईक कोण आहे यावर सगळं ठरतं.

ब्रिकेट किंवा पेलेटसाठी गवत वाळलेलं लागतं. फुलोरा येऊन गेला, पाती पिवळी पडली, मार्गशीर्षाच्या आसपास कापलं, की तोवर गवताने पात्यांतलं बरंचसं नत्र आणि साखर खाली मुळांत ओढून घेतलेली असते. पुढच्या पावसाळ्याला फुटवा त्याच शिदोरीवर येतो. जमिनीतून कमी जातं, मुळं दणकट राहतात. राखही कमी होते, ते भट्टीवाल्यालाही हवं असतं.

गॅस प्लँटला मात्र हिरवं, कोवळं हवं, दीड-दोन महिन्यांनी कापलेलं. दर कापणीला गवत मुळांतली साठवण वर आणून नवा फुटवा काढतं, आणि ती भरायच्या आत तुम्ही परत कापता. वरचं उत्पन्न वाढतं, मुळांच्या वाट्याला कमी येतं. कर्बासाठी हा तोट्याचा सौदा आहे, आणि गॅससाठी नेपियर लावणाऱ्याने तो डोळे उघडे ठेवून करावा.

दोन्हीत पहिल्या वर्षी कापू नका. पुढे बुडखा चार-सहा बोटं उंच ठेवा. जमिनीलगत छाटलेल्या ठोंबाला उन्हाळा सोसत नाही. दर वर्षी सगळं न कापता चौथा हिस्सा उभा सोडा, पुढच्या वर्षी दुसरा. उभं वाळलेलं गवत मेमध्ये मातीवर सावली धरतं. त्याबरोबर वणव्याची भीती येते, म्हणून कडेने जाळपट्टा मारायला विसरू नका.

करार करत असाल तर दुष्काळाची अट आत घाला. ज्या वर्षी छावण्या लागतात त्या वर्षी हे गवत जनावरांच्या दावणीलाच जाणार आणि गेलंच पाहिजे. पुरवठा चुकला म्हणून दंड लागणार नाही, हे आधी लिहून घ्या.

सहावी पायरी: नेलं त्यातलं परत द्या

जमिनीत कर्ब एकटा साठत नाही. टिकाऊ सेंद्रिय पदार्थात साधारण १० ते १२ भाग कर्बामागे एक भाग नत्र असतं. म्हणजे एक टन कर्ब जमिनीत बसवायचा तर ८० ते १०० किलो नत्र त्याच्याबरोबर बसायला हवं. बरडात ते नसतंच. नुसतं गवत लावून कर्ब वाढत नाही तो इथे अडतो, आणि म्हणून मारवेलसोबत स्टायलो. हवेतलं नत्र फुकट आणणारं दुसरं कुणी नाही.

मग युरिया का नाही? हिशेब करू. आंतरराष्ट्रीय हवामान समितीच्या सर्वसाधारण गुणकाप्रमाणे टाकलेल्या नत्रातलं एक टक्का नायट्रस ऑक्साइड होऊन उडतं, आणि तो वायू कार्बन डायऑक्साइडपेक्षा २७३ पट तापवतो. हेक्टरी १०० किलो नत्र टाकलं तर वर्षाला सुमारे ४३० किलो कार्बन डायऑक्साइडइतकी झळ. आता माझ्या त्या खड्ड्याचं रान घ्या. समजा १० वर्षांत कर्ब ०.३५ वरून ०.५५ टक्क्यांवर नेला. म्हणजे हेक्टरी ३.६ टन कर्ब वाढला, कर्बाचा कार्बन डायऑक्साइड करायला ३.६७ ने गुणलं तर १३ टन कार्बन डायऑक्साइड, वर्षाला १.३ टन. १०० किलो नत्राने त्यातला तिसरा हिस्सा खाल्ला. नेपियरचं भरघोस उत्पन्न घ्यायला ३०० किलो टाकलंत तर जमिनीतली कमाई जवळपास सगळी गेली, आणि युरिया कारखान्यात बनताना लागलेला गॅस अजून धरलेलाच नाही. गवताच्या गॅसने खनिज गॅस वाचतो ते वेगळ्या खात्यावर, ते खरं आहे. पण "जमिनीचा कर्ब वाढेल" हे त्याच दमात सांगू नये.

गॅस प्लँटशी करार करणाऱ्याने स्लरीचा, म्हणजे गॅस काढून उरलेल्या रबड्याचा, हट्ट धरावा. गवतातला निम्म्याच्या आसपास कर्ब गॅस होऊन जातो, पण नत्र, स्फुरद, पालाश जवळपास सगळं स्लरीत राहतं, आणि उरलेला कर्ब चिवट असतो. जेवढ्या टनांचं गवत नेलं त्या प्रमाणात स्लरी किंवा किण्वित खत परत मिळेल, वाहतूक कोणाकडे, हे करारात हवं. नंतर तोंडी मागून ते मिळत नाही. मी स्वतः मागून थकलोय.

गवत ब्रिकेटला जात असेल तर आपला जुना उपाय आहे: मेंढरं बसवणं. मार्गशीर्षातल्या कापणीनंतर धनगरांचा कळप चार-सहा रात्री बसवा. लेंडी आणि मूत जागच्या जागी पडतं, वाहतूक शून्य. पहिल्या दोन वर्षांनंतर, ठोंब पक्के झाल्यावर.

सातवी पायरी: पाच वर्षांनी त्याच जागी

दर वर्षी मोजू नका. एकाच रानात दोन खड्ड्यांतला फरक दोन-तीन वर्षांतल्या वाढीपेक्षा मोठा असतो, त्यामुळे दुसऱ्या वर्षीचा आकडा तुम्हाला उगाच हसवेल किंवा रडवेल. पाचव्या वर्षी, त्याच महिन्यात, टिपलेल्या ठिकाणांपासून हातभर अंतरावर, तोच खड्डा, तीच चाळण, तीच पद्धत. मोकळ्या पट्ट्यातही.

मी मारवेलखाली तिसऱ्या वर्षी एक खड्डा घेतला होता, मोजायला नाही, नुसता बघायला. वरच्या वीतभर मातीत मुळांचं जाळं इतकं दाट होतं की खुरपं अडलं. मुळांना चिकटलेले मातीचे कण राळ्याएवढे गोल, रंग बाजूच्या रानापेक्षा गडद. त्याखाली मुरूम सुरू झाला तिथे मला मुळं संपतील असं वाटलं होतं. टिकावाने एक थर उचकटला तर दोन थापांच्या फटीत पांढरी, दोऱ्यासारखी मुळं सपाट पसरली होती आणि त्यांच्याभोवती काळसर मातीचा पातळ पापुद्रा धरला होता. तिथे पूर्वी माती नव्हती. माझ्या मोजमापात तो पापुद्रा येत नाही. पण मी ते रान त्यासाठीच राखतो.

कर्ब क्रेडिटचा, म्हणजे साठवलेल्या कर्बाचे पैसे देण्याचा, प्रस्ताव घेऊन कुणी आलं तर वरचाच हिशेब पुढे ठेवा. हेक्टरी १३ टन कार्बन डायऑक्साइड म्हणजे एकरी साडेपाच टनांच्या आत, तेही १० वर्षांत आणि सगळं नीट झालं तर. त्याला टनामागे मिळणाऱ्या भावाने गुणा, तपासणीचा आणि मध्यस्थाचा वाटा वजा करा. देशाची कार्बन क्रेडिट व्यापार योजना जून २०२३ मध्ये अधिसूचित झाली आहे, पण तुमच्यापुढचा कागद त्यातला आहे की परदेशी खाजगी बाजारातला हे विचारा. किती वर्षं रान न मोडण्याचं बंधन आहे, आणि तुमच्यानंतर मुलाने मोडलं तर पैसे कोण परत करणार, हे वाचल्याशिवाय सही करू नका. दोन-चार एकराच्या बरडावर क्रेडिटच्या भरवशाने कुणी ऊर्जापीक लावू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

पीक मोडताना

हे कुणीच आधी सांगत नाही. नेपियरचे ठोंब पाच-सहा वर्षांनी दमतात, मारवेलही विरळ होतो, मानवेल आयुष्यात एकदाच फुलोऱ्यावर येतो आणि मग बेट मरतं. त्या वेळी ट्रॅक्टर बोलावून सगळं रान उलथलं तर वर्षानुवर्षांची साठवण बरीचशी हवेत जाते. एका वर्षी एकाआड एक ओळ बदला. जुना ठोंब उपटू नका, जमिनीलगत कापून तिथेच कुजू द्या आणि नवा ठोंब दोन ओळींच्या मधल्या मोकळ्या पट्ट्यात लावा. बांबूचं मेलेलं बेट वरून तोडून घ्या, कंद जमिनीतच ठेवा, आणि नवीन रोप त्याच्यापासून दीड-दोन मीटरवर. पुढच्या वर्षी उरलेल्या ओळी.